‘बहुधा’ कुठल्या रंगात रंगवायचं?

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी मिळून एकच विमान बांधायला घेतलं. किट चार, टेबलं चार, पण विमान एकच: बी-24 लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. मॉडेल बनवणारे याला ‘ग्रुप बिल्ड’ म्हणतात. सगळ्यांनी ठरलेल्या मुदतीत एकाच विषयावर काम करायचं, दर रविवारी अर्धवट मॉडेल घेऊन जमायचं आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. आमची अट एवढीच होती की विमान भारतीय हवाई दलाचं हवं, कारण ही विमानं एके काळी पुण्यातून उडत होती.

किटचं खोकं उघडलं तर आत अमेरिकन तारे आणि ब्रिटिश वर्तुळं. भारतीय खुणांचे डेकल नाहीत, भारतीय रंगाचा तक्ता नाही. म्हणजे सगळं आपणच शोधायचं. पुढच्या तीन महिन्यांत आमचे तीन मोठे वाद झाले. संशोधनाची पद्धत मला कोर्सवर्कपेक्षा या तीन वादांत जास्त कळली. तुमच्यापैकी कुणी पेटचा अभ्यास करत असेल, कुणी सिनॉप्सिस लिहीत असेल, म्हणून हे इथे मांडते आहे.

छोटं विमान कशासाठी?

आधी मापाबद्दल थोडं. आमची किट 1:72 ची होती. हा आकडा आपल्याला विचित्र वाटतो, कारण आपण दशमान पद्धतीत वाढलो. तो इंच-फुटांतून आलाय: मॉडेलवरचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानावरचे सहा फूट. इंग्लंडमध्ये 1932 मध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी भागांची किट निघाली, तेव्हापासून हे प्रमाण रुळलं. 1936 मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने याच मापात प्लॅस्टिकची किट आणली.

मग युद्ध आलं आणि या छंदाला वेगळंच काम मिळालं. 1942 मध्ये अमेरिकन नौदलाने देशभरातल्या शाळांना विमानांची पाच लाख मॉडेल बनवून मागितली. मुलांनी लाकूड तासून ती बनवली, पुठ्ठ्याच्या साच्यांनी आकार तपासला आणि वरून सरसकट काळा रंग दिला. काळा यासाठी, की तोफखान्यावरच्या किंवा विमानातल्या माणसाला लांबून रंग दिसत नाही, बाह्याकृती तेवढी दिसते. गणित सोपं आहे. 1:72 चं मॉडेल साडेदहा मीटरवर धरलं, तर ते 756 मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. ‘आपलं की शत्रूचं’ हे एका नजरेत ओळखायची सवय या मॉडेलवरून लावायची होती. मॉडेल चुकलं तर आपल्याच विमानावर गोळी सुटणार.

थोडक्यात, मॉडेल म्हणजे एक विधान असतं. ‘हे विमान असं होतं’ असं ते म्हणतं, आणि ते विधान खरं किंवा खोटं असू शकतं.

कानपूरची विमानं

आता आमच्या विमानाची गोष्ट. अमेरिकेने 18,000 हून जास्त लिबरेटर बनवली. त्यांतली बरीच ‘लेंड-लीज’ करारातून ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सला मिळाली. ती बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून उडून ब्रह्मदेशातल्या जपानी ठाण्यांवर बॉम्ब टाकत. 1945 मध्ये युद्ध संपलं, आणि या उसन्या विमानांचं करायचं काय हा प्रश्न आला. भारतातली अनेक लिबरेटर कानपूरला गोळा करून ठेवली होती. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड झाली आणि ती उघड्यावर ऊन-पावसात पडून राहिली.

फाळणीनंतर नव्या भारताला जड बॉम्बर हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या एचएएलने, हे भंगार पुन्हा उडवायचं काम अंगावर घेतलं. कानपूरला तात्पुरती डागडुजी करायची, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लावायचा आणि विमान उडवत बंगळूरला न्यायचं. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर दीड हजार किलोमीटर भरतं. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही उड्डाणं केली. बंगळूरला मग पूर्ण दुरुस्ती व्हायची. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली.

नोव्हेंबर 1948 मध्ये कानपूरला 5 क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटरवर सुरू झाली. जानेवारी 1951 मध्ये पुण्यात 6 क्रमांकाची स्क्वाड्रन याच विमानांवर पुन्हा उभी राहिली. समुद्रावर टेहळणी हे तिचं मुख्य काम. जगात इतर ठिकाणची लिबरेटर वितळवून भांडी-पत्रे झाले तरी आपली 1968 पर्यंत उडत होती.

पहिला वाद: तारीख

आमच्यातला एक जण 1948 चं, म्हणजे अगदी पहिल्या तुकडीचं विमान बांधत होता. त्याने शेपटीजवळ आणि पंखांवर तिरंगी वर्तुळ, म्हणजे राउंडेल, लावायचं ठरवलं. डेकलचा कागद छापून तयार होता. पुराव्यासाठी त्याच्याकडे एक कृष्णधवल फोटो होता, आणि खाली ओळ होती: ‘1949’.

आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे काका, टूलरूममध्ये हयात घालवलेले. त्यांनी भिंग लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, “अरे, ही ओळ खोटी आहे. फोटो 1950 च्या आधीचा असूच शकत नाही.”

कारण असं. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाच्या विमानांवर काही काळ निळं अशोकचक्र असायचं. आजचं तिरंगी वर्तुळ, मध्ये हिरवं, मग पांढरं, बाहेर केशरी, हे जानेवारी 1950 मध्ये प्रजासत्ताकाबरोबर आलं. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही हे खरं. केशरी आणि हिरवा दोन्ही राखाडीच येतात, आणि कुठला जास्त गडद येईल हे फिल्मवर ठरतं. पण चक्राला आरे असतात आणि तिरंग्याला एकात एक कडी असतात. हा फरक आकाराचा आहे, तो राखाडीतही टिकतो.

मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. आपलं उपकरण काय मोजू शकतं आणि काय नाही, हे आधी ठरवायचं. फोटो रंग मोजत नाही, आकार मोजतो. मग प्रश्नही आकाराचाच विचारायचा. दुसरी गोष्ट म्हणजे फोटोखालची ओळ हा फोटोचा भाग नसतो. ती नंतर कुणीतरी लिहिलेली असते, तो वेगळा पुरावा असतो, आणि त्याची तपासणीही वेगळी करावी लागते.

छापलेले डेकल वाया गेले. मित्र दोन रविवार फुगून होता.

दुसरा वाद: म्युझियम

दुसरी चूक माझी. मी हुशारी केली होती. फोटोंच्या मागे कशाला लागायचं? खरं विमानच शिल्लक आहे की! निवृत्तीनंतर आपली लिबरेटर परदेशी गेली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये एक आहे, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पिमा म्युझियममध्ये एक, कॅनडात ओटावाला एक. जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी बरीच भारतामुळे उरली आहेत. मी ब्रिटनमधल्या विमानाचे दीडशे फोटो जमवले, आणि कॉकपिटपासून चाकांपर्यंत सगळं त्यावर बेतलं.

काकांनी एकच प्रश्न विचारला: “हे विमान आज कुठल्या रंगात आहे?”

ब्रिटिश. ब्रिटनमधलं लिबरेटर महायुद्धातल्या रॉयल एअर फोर्सच्या खुणांमध्ये उभं आहे. पिमातलं महायुद्धातल्या एका अमेरिकन विमानाच्या रूपात. त्या म्युझियमांची यात चूक नाही, त्यांना आपल्या देशाचा इतिहास दाखवायचाय. पण याचा अर्थ असा, की मी जे ‘खरं विमान’ समजत होते ते 1945 सारखं दिसावं म्हणून पुन्हा रंगवलेलं, पुन्हा सजवलेलं विमान होतं. ते युद्धात काही महिने उडलं असेल. भारतात त्याने वीस वर्षं काढली. आणि नेमकी तीच वीस वर्षं त्याच्या अंगावरून पुसली गेली. भारतीय खुणांमधलं लिबरेटर बघायचं तर दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात जावं लागतं; तिथे एचई 924 उभं आहे.

हे कळलं त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. कानपूरच्या चिखलातून ज्यांनी ती उभी केली त्या कामगारांमुळे ही विमानं आज जगाला बघायला मिळतात, आणि विमानाकडे बघून हे अजिबात कळत नाही. मूळ साधन हातात आलं म्हणजे जिंकलो, असं आपल्याला वाटतं. पण ते आपल्यापर्यंत येईस्तोवर कुणाकुणाच्या हातातून गेलं, आणि प्रत्येकाने ते कशासाठी जपलं, हे विचारल्याशिवाय ते वापरू नये. जपणारा माणूस जपताना निवड करतो. जुनी हस्तलिखितं, प्रयोगशाळेतले नमुने, डेटासेट, सगळ्यांनाच हे लागू पडतं.

मी दीडशेपैकी वीस फोटो ठेवले. पंखांचा आकार, इंजिनाची ठेवण, चाकांचे खांब, म्हणजे रंगाने न बदलणारं जे होतं तेवढंच.

तिसरा वाद: पॅनल

तिसरा वाद सर्वांत अवघड, आणि तो पूर्ण मिटला नाही.

ही विमानं बहुतेक उघड्या धातूच्या चंदेरी रंगात होती. चंदेरी रंग म्हणजे मॉडेल करणाऱ्याची परीक्षा. खाली चकचकीत काळा अस्तर द्यायचा, वर एअरब्रशने धातूच्या रंगाचे पातळ थर. सँडपेपरचा एक ओरखडा राहिला तरी तो ओरडून सांगतो. आमच्यातल्या चौथ्याने हे काम अप्रतिम केलं, आणि वर एक कल्पना लढवली. एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावले होते ना? मग त्याने काही पॅनल किंचित गडद केली, काही फिकट. ठिगळं लावल्यासारखी. दिसायला सुंदर. बघितलं की कानपूरची सगळी कहाणी डोळ्यांसमोर यायची.

मी विचारलं, “नेमकी हीच पॅनल का?”

तो म्हणाला, “भाग बदलले होते हे तर खरंय ना?”

खरंय. पण ‘या विमानांचे भाग बदलले होते’ हे एक विधान झालं, आणि ‘या विमानाचं डाव्या पंखावरचं तिसरं पॅनल बदललं होतं’ हे दुसरं. पहिल्याला पुरावा आहे, दुसऱ्याला नाही. पहिलं खरं असल्याने दुसरं आपोआप खरं होत नाही. सामान्य सत्याच्या जोरावर विशिष्ट तपशील खपवणं ही चूक मी किती प्रबंधांत पाहिली आहे, आणि माझ्या स्वतःच्या दुसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यात पाहिली आहे!

त्याचं उत्तरही मात्र बिनतोड होतं. “मग सगळी पॅनल एकसारखी रंगवू? तेही खोटंच की. भाग बदलले होते हे माहीत असताना मी विमान कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखं दाखवू?”

इथे आम्ही अडकलो. लेखात आपण ‘बहुधा’ लिहितो, ‘असं दिसतं’ लिहितो, विज्ञानाच्या पेपरात आकड्यापुढे अधिक-उणे लावतो आणि सुटतो. मॉडेलला ती सोय नाही. 46 सेंटिमीटरच्या पंखावरचा एक न एक मिलिमीटर कुठल्या तरी रंगाने भरावाच लागतो. ‘माहीत नाही’ नावाची रंगाची बाटली मिळत नाही.

म्हणूनच मॉडेल बनवणं हा मला संशोधनाचा उत्तम सराव वाटतो. लिहिताना आपण जिथे नकळत उडी मारून पुढे जातो, तिथे मॉडेल आपल्याला थांबवतं. आणि चौघांनी तेच विमान बांधलं की आणखी एक गोष्ट कळते. चौघांच्या मॉडेलमध्ये जे सारखं आलं, ते बहुतेक पुराव्यातून आलेलं होतं. जिथे चौघांचं वेगळं निघालं, तिथे पुरावा विरळ होता आणि प्रत्येकाने आपल्या मनचं भरलं होतं. बहुतेक म्हणते, कारण चौघांनी एकाच चुकीच्या फोटोवर विश्वास ठेवला असता तर चौघांची चूकही सारखीच आली असती. राउंडेलच्या बाबतीत ते होता होता राहिलं.

कार्ड

शेवटी तोडगा काकांनी काढला. प्रत्येक मॉडेलखाली पोस्टकार्डाएवढं एक कार्ड ठेवायचं आणि त्यावर तीन रकाने: ‘पाहिलं’, ‘काढलं’, ‘भरलं’. ‘पाहिलं’ म्हणजे फोटोत किंवा कागदपत्रात प्रत्यक्ष दिसलेलं. ‘काढलं’ म्हणजे त्यावरून तर्काने काढलेलं, जसं 1951 चं पुण्याचं विमान असेल तर राउंडेल तिरंगी. ‘भरलं’ म्हणजे जागा रिकामी ठेवता येत नव्हती म्हणून आपण भरलेलं. ठिगळांची पॅनल तिसऱ्या रकान्यात गेली आणि मॉडेलवर तशीच राहिली.

माझ्या कार्डवर तिसरा रकाना सगळ्यांत लांब झाला. लाज वाटली, पण मग तोच कागद घेऊन मी माझ्या प्रबंधाच्या एका आकृतीकडे वळले. तिच्यातली प्रत्येक रेघ कुठल्या रकान्यात जाते ते लिहून काढलं. दोन रेघा ‘भरलं’मध्ये निघाल्या, आणि त्या मी गेलं दीड वर्ष ‘पाहिलं’ समजून चालले होते. गाईडना दाखवलं. ते म्हणाले, हे आरआरसीच्या आधी सापडलं ते बरं झालं.

तुम्हीही करून बघा. सिनॉप्सिसमधला एक परिच्छेद किंवा एक आकृती घ्या, तीन रकाने आखा, आणि शक्य असेल तर तेच काम एका मित्राला स्वतंत्रपणे करायला द्या. मग दोघांचे कागद शेजारी ठेवा.

आमची चारही विमानं आता काकांच्या काचेच्या कपाटात आहेत. लिबरेटर नाकाखालच्या चाकावर उभं राहतं, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. माझ्यात वजन कमी पडलं. त्याच्या शेपटीखाली सध्या एक खोडरबर आहे, आणि कार्डवर त्याचीही नोंद केली आहे.