वैद्यकीय गांजा (कॅलिफोर्निया)

दीर्घकालीन आजारातील वेदना, मळमळ किंवा स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी डॉक्टरांच्या शिफारशीने वापरला जाणारा गांजा (→ गांजा; भांग).

डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कोलकात्यात प्रयोगांचे निष्कर्ष मांडल्यावर ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकात रुळली. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने मात्र ती मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांच्या पहिल्या अनुसूचीत टाकली. एड्सच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत उभ्या राहिलेल्या रुग्णचळवळीतून वैद्यकीय वापराला मुभा देणारा प्रस्ताव क्र. २१५ पुढे आला व नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो संमत केला.

कर्करोग, एड्स, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी, दीर्घकालीन वेदना तसेच गांजाने आराम पडणारा अन्य कोणताही आजार पात्र ठरतो; हे शेवटचे कलम विशेष व्यापक आहे. केंद्रीय बंदीमुळे डॉक्टर औषधचिठ्ठी देत नाहीत, तोंडी वा लेखी शिफारस करतात. शिफारशीबद्दल त्यांचा परवाना काढून घेता येत नाही, असा निर्णय २००२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने दिला. २००३ च्या कायद्याने जिल्हा आरोग्य खात्याचे ऐच्छिक ओळखपत्र आले. सेवन धूम्रपान, बाष्प, तेल किंवा खाद्यपदार्थांतून होते. गुंगी, हृदयाचे ठोके वाढणे व अवलंबित्व हे दुष्परिणाम आहेत (→ व्यसन).

राज्यात २०१६ पासून २१ वर्षे व त्यावरील प्रौढांना शिफारशीविनाही वापर खुला झाला. ओळखपत्रधारक रुग्णांना विक्रीकरात सूट आहे. प्रस्ताव २१५ नंतर इतर अनेक राज्यांनी असे कायदे केले (→ अंमली पदार्थविषयक कायदे).