पुढच्यास ठेच, मागचा शहाणा: पहिल्या ट्रॅक डेच्या यादीचा इतिहास

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी १२५, १५० किंवा २०० सीसीची गाडी उभी आहे आणि ज्यांना एकदा तरी ती खऱ्या रेस ट्रॅकवर चालवून बघायची आहे. मग तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक असो, नाहीतर कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे.

ट्रॅक डेचे पैसे भरले की हातात एक यादी पडते. फुल-फेस हेल्मेट, लेदर सूट, मनगट झाकणारे ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. आरसे काढा, दिव्यांवर टेप लावा. ही यादी बघून आपल्या मनात पहिला विचार काय येतो? ‘अरे, मी काय रेसर आहे का? साधी गाडी तर आहे माझी!’

आज ही यादीच उलगडून बघू. कारण यातली बरीच कलमं कुणीतरी आधी पडलं म्हणून आलेली आहेत.

सुरुवात हेल्मेटपासून. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक होता. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर यांच्याकडे डोक्याला मार लागलेले मोटरसायकलस्वार पुन्हा पुन्हा येत. शेवटी त्यांनी स्वतःच कॅनव्हास आणि लाखेचं एक कडक हेल्मेट बनवून घेतलं. रेस भरवणाऱ्या संघटनेला ते आधी पटलं नाही. डॉक्टर मागे लागले, आणि १९१४ च्या ‘आइल ऑफ मॅन टीटी’ शर्यतीत हेल्मेट सक्तीचं झालं.

पण ते ट्रॅकवर. रस्त्यावर लोक उघड्या डोक्यानेच फिरत होते. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटरसायकलवरून जात होते. समोर सायकलवर दोन मुलं आली, त्यांना चुकवताना ते पडले. हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी ते गेले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यविशारद होते. ती केस त्यांच्या डोक्यातून गेली नाही. १९४१ मध्ये त्यांनी लष्करी मोटरसायकलस्वारांच्या अपघातांवर शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

म्हणजे बघा, ट्रॅकवर जे १९१४ साली कळलं, ते लष्कराला पटायला सत्तावीस वर्षं लागली. सामान्य ब्रिटिश माणसावर ही सक्ती यायला तर १९७३ उजाडलं.

आता लेदर सूट. हा मात्र जखमेतून नाही, वेगाच्या हट्टातून आला. १९५० च्या सुमारास जेफ ड्यूक या ब्रिटिश रेसरला ढगळ जॅकेट-पँटमध्ये भरणारी हवा खटकली. त्याने एका शिंप्याकडून अंगासरशी बसणारा एकसंध लेदर सूट शिवून घेतला. वाऱ्यासाठी शिवलेला तो सूट पुढे जगभरच्या रेसर्सचा गणवेश झाला. एकसंध असल्याचा दुसरा फायदा पडल्यावर कळतो. घसरताना जॅकेट वर सरकून पाठ उघडी पडत नाही. म्हणून आजही वेगळं जॅकेट-पँट असेल, तर ते चेनने एकमेकांना जोडलेलं हवं असं सांगतात. आणि सूट विकतच घ्यायला हवा असं नाही बरं का. काही आयोजक भाड्याने देतात, आधी फोन करून विचारा.

आता माझी आवडती गोष्ट. छोट्या गाडीची.

१९५४ साली सोइचिरो होंडा यांनी जाहीर केलं की आमची कंपनी आइल ऑफ मॅन टीटीमध्ये उतरणार. कंपनी तेव्हा आर्थिक अडचणीत होती. त्याच वर्षी ते स्वतः शर्यत बघायला गेले आणि हादरलेच. युरोपातल्या गाड्यांची ताकद त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे होती. परतताना त्यांनी तिथले टायर, चेन, कार्ब्युरेटर असे सुटे भाग सोबत आणले, आणि कामाला लागले. पाच वर्षं!

१९५९ मध्ये होंडाची टीम १२५ सीसीच्या गाड्या घेऊन तिथे पोचली. अडचण फक्त गाडीची नव्हती. जपानमध्ये हे रायडर आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी, राखेच्या कच्च्या ट्रॅकवर रेस करत. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीचा अनुभव जवळजवळ नव्हताच. मग त्यांनी काय केलं? शर्यत ३ जूनला होती, ते मे महिन्यातच येऊन राहिले. साधारण १७ किलोमीटरचा तो क्लिप्स कोर्स फिरून फिरून डोक्यात बसवला. कुठलं वळण आधी, कुठला चढ नंतर. गाडीवरही शेवटपर्यंत काम चालू होतं.

शर्यत दहा लॅपची. जिंकला तारक्विनियो प्रोविनी, एमव्ही अगुस्तावर. होंडाचा नाओमी तानिगुची सहावा आला. त्याचे सहकारी सातवे, आठवे आणि अकरावे. पण कंपन्यांसाठीचं सांघिक बक्षीस होंडाला मिळालं! दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिल्या पाचही जागा होंडाच्या होत्या.

मला यात ते सहावं स्थान सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या वेळी त्यांनी रस्ता शिकून घेतला आणि गाडी शेवटपर्यंत धड आणली. तुमच्या पहिल्या ट्रॅक डेलाही एवढंच करायचंय.

मग गाडीचं काय बघायचं? ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका. एक्झॉस्टचे पैसे वाचवा आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. रस्त्यावर ते कळत नाही. ट्रॅकवर मात्र दर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो, ऑइल तापतं, त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो. सरळ रस्त्याच्या टोकाला असं झालं तर? म्हणून नवं ऑइल, आणि जाड ब्रेक पॅड.

चेनचा ताण, टायरची झीज आणि हवा तपासा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट घट्ट आहे ना ते बघा. रेसमध्ये तो बारीक तारेने बांधूनच टाकतात. का? तुमचं ऑइल सांडलं तर तुम्ही पुढे निघून जाता, घसरतो तो मागचा. लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर बऱ्याच ठिकाणी कूलंटऐवजी साधं पाणी भरायला सांगतात, त्याचंही कारण हेच. कूलंट निसरडं असतं. दिव्यांवरची टेपसुद्धा काचा ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून. म्हणजे यादीतल्या निम्म्या गोष्टी आपल्यासाठी नाहीतच, मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहेत.

आणि तुम्ही? चेन्नईच्या उन्हात लेदर घालून उभं राहिलात की घामाच्या धारा लागतात. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. आदल्या रात्री झोपा. रात्रभर टेम्पोसोबत प्रवास करून सकाळी थेट ट्रॅकवर उतरू नका. झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. नजर जिथे, गाडी तिथे, म्हणून पुढच्याच्या टायरकडे बघत बसू नका, वळण जिथे संपतं तिकडे बघा. आणि थकलात तर शेवटचं सेशन सोडून द्या. त्यात कसलाही कमीपणा नाही.

ज्या गाडीने ट्रॅकवर गेलात, तिच्यासकट धड घरी आलात, की पहिला दिवस जमला. सेकंद मोजायला दुसरा दिवस आहेच.

तुमच्या पहिल्या ट्रॅक डेला काय झालं ते आम्हाला नक्की कळवा, पडला असाल तर आधी सांगा. त्यातून पुढच्या कुणाची तरी ठेच वाचेल. भेटू पुढच्या भागात!