चिंतनपर लेखन (स्वतःच्या कलाकार्याविषयी)

अभ्यासाचा भाग म्हणून केलेले चित्र, मातीकाम, कविता, नाट्यप्रवेश इत्यादींविषयी विद्यार्थ्याने स्वतः केलेले विचारपूर्वक लेखन. काय केले यापेक्षा तसे का केले, कुठे अडले आणि पुढे काय बदलले, याला त्यात महत्त्व असते.

स्वरूप : ‘तान्ह्या पोळ्यासाठी मातीचा नंदी केला, सर्वांना आवडला’ ही नुसती हकिकत झाली. ‘पाय ओले असतानाच वर धड ठेवले, म्हणून पाय फाकले. दुसऱ्या खेपेला पोटात बांबूची काडी घातली. माती वाळताना आकसली, काडी आकसली नाही, तडा गेला’ असे लिहिले, की मुलाला मातीचा स्वभाव कळू लागल्याचे दिसते. हे आपोआप येत नाही, शिकवावे लागते. नोंद काम चालू असतानाच करावी आणि फसलेला नमुना जपून ठेवावा. पुरी झालेली वस्तू समोर आली, की अडचणी विसरल्या जातात.

पार्श्वभूमी : जॉन ड्यूई (हाउ वी थिंक, १९१०) आणि डोनाल्ड शोन (द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर, १९८३) यांचे विचार पायाभूत मानले जातात.

महाराष्ट्र : २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनाच्या (शिकणे चालू असतानाच्या मूल्यमापनाच्या) आठ साधनतंत्रांत स्वयंमूल्यमापन आहे, पण ते शेवटच्या ‘इतर’ या सदरात. मुलाच्या कलेची वर्णनात्मक नोंद शिक्षकच करतात. ‘चित्रात आकर्षक रंग भरतो’ अशा साच्यातल्या वाक्यावरून ते चित्र कशाचे होते, हेही कळत नाही; मुलाने लिहिलेल्या दोन ओळी येथे अधिक मोलाच्या ठरतील. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहे. आपल्या चित्राविषयी लिहायला जागा नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, त्यात नाट्य व कला हा घटक आणला आणि किमान २० आठवड्यांच्या शालेय अनुभवाला चिंतनपर दैनंदिनीची जोड दिली.

सावनेर (स्थानिक उदाहरण) : नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथील राज्य मंडळाच्या शाळांनाही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. नाटककार व विनोदी लेखक राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच निधन झाले. बाळकराम या नावाने लिहिलेल्या ‘कवींचा कारखाना’ या विनोदी लेखात त्यांनी कविता कशी घडवली जाते, हाच विषय घेतला. त्याला काटेकोर अर्थाने चिंतनपर लेखन म्हणता येईल की नाही, याविषयी दुमत संभवते. तरी सावनेरच्या वर्गात तो आरंभी वाचून दाखवावा, इतका तो विषयाच्या जवळचा आहे.

मूल्यमापन : अशा लेखनाला गुण द्यावेत की नाहीत, यावर एकमत नाही.