गर्भार बाईचे ऊन : रंग, हाड, रक्त आणि सावली

१९७३ च्या उन्हाळ्यात माझी आई पाझर तलावाच्या कामावर जात होती. आमचे गाव भोकरदन तालुक्यातले. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. मी त्याच वर्षीच्या श्रावणात जन्मलो, म्हणजे मे महिन्यात आईला सहावा महिना लागलेला असणार. त्या दिवसांविषयी विचारले की ती भुकेबद्दल कमी आणि उन्हाबद्दल जास्त बोलते. मिलोची लाल भाकरी, सुकडी, हे सगळे तिला आठवते. पण आधी आठवते ते डोक्यावरच्या पाटीचे आणि पाठीवरच्या उन्हाचे ओझे. माझ्या आजीला त्या वेळी एकच घोर लागला होता : सून अशी उन्हात रापली, तर नातू काळा निपजेल.

आईची आठवण आणि आजीचा घोर, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अनेक वर्षे शेजारी शेजारी होत्या. पोटुशी बाईने उन्हात जावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कोणी, कधी आणि कशासाठी विचारला, हे शोधावे असे त्यातूनच वाटू लागले. शोध घेताना लक्षात आले की हा प्रश्न एक नाही. कोणी रंगासाठी विचारला, कोणी हाडांसाठी, कोणी रक्तासाठी. आईचा प्रश्न मात्र चौथाच होता.

आधी रंगाचे पाहू. ‘रापणे’ हा आपला शब्द कष्टाचा आहे, हौसेचा नाही. शेतात राबणारा रापतो. सावलीत बसणारा रापत नाही. त्यामुळे गोरेपण म्हणजे उन्हात न जावे लागणे, हा अर्थ आपल्या समाजात खोल रुजला. गर्भवतीला केशराचे दूध देण्यामागे तीच आशा असते. वास्तविक मुलाचा वर्ण आईबापांकडून आलेल्या अनेक जनुकांवर ठरतो. आईची कातडी उन्हाने काळवंडली तरी तो काळेपणा गर्भात उतरत नाही, आणि केशराने गर्भ उजळतही नाही. पण ही आशा इतकी चिवट की १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमला आपले नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले.

युरोपात याच्या उलट घडले. नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्याला प्रकाशोपचाराबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे ऑग्युस्त रोलिए हे डॉक्टर क्षयरोग्यांना डोंगरावरच्या उन्हात निजवून उपचार करू लागले. तिकडचा मजूर तोवर कारखान्याच्या छपराखाली गेला होता. त्यामुळे रापलेला रंग हा फुरसतीचा, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटीचा दाखला ठरला. पुढे रंग चढवणारे दिवे निघाले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्या दिव्यांची गणना कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केली.

आपल्या गर्भवतीला उन्हाचा कातडीशी संबंधित खरा त्रास होतो तो वांगाचा. गरोदरपणात संप्रेरके वाढतात, गालांवर आणि कपाळावर तपकिरी डाग उमटतात आणि उन्हाने ते गडद होतात. बाळंतपणानंतर पुष्कळदा ते फिके होतात, काहींचे राहतात. त्याला उपाय सावली, पदर, रुंद टोपी आणि जस्ताच्या ऑक्साइडचे उन्हापासून राखणारे मलम. वांग म्हणजे गर्भाला बाधा नव्हे आणि बाईचा दोषही नव्हे, एवढे जरी सासरच्या माणसांना पटले तरी पुष्कळ झाले.

आता हाडांचा प्रश्न. तो आपल्या शेजारी, नाशिकला विचारला गेला. एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांनी मुडदूस या रोगावरचा आपला अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध केला. तेव्हा जगात वाद चालू होता की मुडदूस खाण्यातील उणिवेने होतो की उजेडाच्या अभावाने. नाशिकचे उत्तर अनपेक्षित होते. ज्या घरांत खाणेपिणे चांगले, पण पडद्याच्या चालीमुळे आई आणि मूल घरात कोंडलेले, तिथे मुडदूस आढळत होता. ज्या मजूर घरांत अन्न निकस, पण दिवस उघड्यावर जाई, तिथली मुले त्यातून सुटत होती. श्रीमंतीने हाडे वाकवावीत आणि गरिबीने ती सरळ ठेवावीत, असा हा उलटा न्याय होता. त्याच सुमारास अमेरिकेत ‘ड’ जीवनसत्त्वाला नाव मिळाले आणि कोडे उलगडू लागले : ऊन कातडीवर पडले की हे जीवनसत्त्व शरीरातच तयार होते.

काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईंनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिले. उजेडावाचून हाडे मऊ पडतात, कमरेचा सांगाडा आवळतो आणि बाळंतपणात बाई अडते, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ऊन न मिळणे हा केवळ सांध्याच्या दुखण्याचा नव्हे, तर जिवावर बेतणारा प्रकार होता.

आपल्या जुन्या रीतीत या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवत, झरोकेसुद्धा बुजवत. दुसरीकडे, गृह्यसूत्रांनी चौथ्या महिन्यात मुलाला बाहेर आणून सूर्य दाखवण्याचा निष्क्रमण संस्कार सांगितला आहे, आणि तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरणारी आजी आजही गावोगाव दिसते. पण कोवळे ऊन बाळाला मिळे; त्याच्या आईला ते मिळावे अशी आठवण फारशी कोणी ठेवत नसे. २००५ साली लखनऊच्या अभ्यासकांनी शहरी आणि खेड्यातल्या गर्भवतींचे रक्त तपासले, तेव्हा दोन्हीकडे सुमारे ८४ टक्के बायकांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात प्रत्येक गर्भवतीला सरसकट त्याच्या गोळ्या सुचवल्या नाहीत. ऊन हाच त्याचा मुख्य स्रोत असल्याचे सांगितले.

रक्ताचा प्रश्न मुंबईत विचारला गेला. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना होणारा एक विशिष्ट पांडुरोग तिने अभ्यासाला घेतला. महागड्या औषधांऐवजी यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, हे तिने १९३१ साली दाखवले. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजे आजचे फोलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि पानावरूनच त्याला नाव मिळाले. आज जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही उपकेंद्रात गर्भवतीला मिळणारी लाल लोहगोळी घ्या. तिच्यातल्या फोलिक आम्लाचे मूळ परळमधल्या त्या कामात आहे.

या गोष्टीचा उन्हाशी संबंध पुढे जुळला. १९७८ साली ब्रँडा आणि ईटन या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले की सूर्यासारख्या प्रकाशात ठेवलेल्या रक्तद्रवातले फोलेट तासाभरात ३० ते ५० टक्के घटते. त्यावरून नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली मांडणी केली की कडक उन्हाच्या प्रदेशात माणसाची कातडी काळी झाली ती मुख्यतः फोलेट राखण्यासाठी, म्हणजे पुढची पिढी धड जन्मावी यासाठी. जिवंत माणसाच्या शरीरात ही घट कितपत होते यावर एकमत नाही. पण ही मांडणी खरी मानली तर माझ्या आजीचा घोर पार उलटा होतो : ज्या काळेपणाची तिला भीती होती, तोच नातवाचा रखवालदार होता.

आता आईचा प्रश्न. त्यात रंग नाही, हाड नाही, जीवनसत्त्व नाही. त्यात काम आहे. घरात कोंडलेल्या बाईला ऊन मिळत नव्हते आणि कामावरच्या बाईला उन्हातून सुटका मिळत नव्हती. निवड दोघींच्याही हातात नव्हती. गर्भवतीला श्रमातून विश्रांती हवी, ती राष्ट्राच्या हिताची आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता, आणि जालना तर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भवतीने मागणी केल्यास तिला कष्टाचे काम देऊ नये असे म्हटले. तोही शेतातल्या, खडीवरच्या बाईपर्यंत पोचला नाही.

१९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. या कामांनी लोक जगले, हे निर्विवाद. मी स्वतः त्याचाच पुरावा आहे. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला आणि त्याच्या वाटेने २००५ चा केंद्रीय कायदा आला. या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि विश्रांतीसाठी व मुलांसाठी सावली असावी असे लिहिले गेले. ‘सावली’ हा शब्द कायद्यात येणे ही मला मोठी गोष्ट वाटते.

ती किती मोठी आहे हे अलीकडे मोजले गेले आहे. तमिळनाडूत सुमारे ८०० गर्भवतींवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र उष्णतेत काम करणाऱ्या बायकांत गर्भ दगावण्याचा धोका दुप्पट आढळला. येथे दोष उन्हाच्या किरणांपेक्षा उष्णतेचा आहे. गर्भवतीच्या शरीराला आधीच दोन जिवांची उष्णता बाहेर टाकायची असते. घामाने पाणी कमी झाले की गर्भाकडे जाणारे रक्त घटते. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीतून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बायका, यांना ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या, दुपारचे टाळा’ हा सल्ला देणे सोपे आहे. दुपार टाळली की हजेरी बुडते, हे सल्ला देणाऱ्याला भरावे लागत नाही.

म्हणून माझ्या शोधाचा निष्कर्ष साधा आहे. कोवळे ऊन गर्भवतीला हवे, भर दुपारची उष्णता नको, रंगाची चिंता तर मुळीच नको. पण हे तिघांपैकी काहीही बाईने एकटीने ठरवण्यासारखे नाही. घराने तिला अंगणात येऊ दिले पाहिजे आणि कामाने तिला सावलीत बसू दिले पाहिजे, तेही मजुरी न कापता.

आईला मी विचारले होते, त्या उन्हाळ्यात तू निभावलीस कशी. मुकादमाने तिला शेवटचे दोन महिने पाटीवरून काढून पाणी वाटायला बसवले होते, बाभळीखाली, पूर्ण हजेरीवर. तसा नियम आहे की नाही हे त्याला ठाऊक नसावे. त्याने आपल्या मनाने केले. आजही तलावाच्या, रस्त्याच्या कामावर गेलो की मी आधी पाहतो ते हेच : पाण्याचा माठ कुठे आहे, आणि त्याच्यावर सावली आहे का.