सरकारला घातलेली वेसण

इंग्लंडचा इतिहास आपल्याकडे एके काळी सक्तीने शिकविला जात असे. त्यामुळे १२१५ ची मॅग्ना कार्टा आणि १६८९ चा हक्कांचा कायदा ही नावे आपल्याला परकी नाहीत. राजाने काय करू नये, हे त्या सनदांनी ठरविले. परंतु बेचाळीस वर्षांनंतर येणाऱ्या एका नेमक्या वर्षी सरकारने अमुक इतका हिशेब पुरा करून दाखविलाच पाहिजे, असे बंधन त्या पार्लमेंटने सरकारवर पूर्वी कधी घातल्याचे निदान मला तरी आढळले नाही. ते घातले २००८ साली. आज ज्या कायद्याची हकीकत सांगावयाची आहे, तो हाच ब्रिटनचा हवामान-बदल कायदा.

त्याचे पहिले कलम अगदी आटोपशीर आहे. आशय असा की, १९९० साली देशातून जितके उष्णताधारक वायू हवेत जात होते, त्याहून २०५० सालचे निव्वळ प्रमाण निदान ८० टक्क्यांनी कमी राहील याची खात्री करणे हे मंत्र्याचे कर्तव्य होय. ‘मंत्री प्रयत्न करील’ असे तेथे म्हटलेले नाही, ‘सरकारचा असा मानस आहे’ असेही नाही. ‘कर्तव्य’ हा एकच शब्द आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या शब्दाभोवती फिरतो.

धुरावर कायदे करणे ही इंग्रजांना नवी गोष्ट नव्हती. सोड्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या आम्लवायूने भोवतालची शेते जळू लागली, तेव्हा १८६३ साली अल्कली कायदा झाला. त्या वायूपैकी ९५ टक्के कारखान्यातच जिरविला पाहिजे, असा दंडक त्याने घातला. रॉबर्ट अँगस स्मिथ हे त्याचे पहिले निरीक्षक. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचून राहिले आणि त्या वेळच्या अंदाजानेच सुमारे चार हजार माणसे दगावली. सरकार मात्र हलावयास तयार नव्हते. अखेर हुजूर पक्षाचे जेराल्ड नाबारो यांनी १९५५ साली खाजगी विधेयक आणले, सरकारने आपले विधेयक आणण्याचे वचन देऊन ते मागे घेववले, आणि १९५६ चा शुद्ध हवेचा कायदा झाला. एका सभासदाने सरकारला टोचावे, सरकारने नाइलाजाने ते काम आपल्या अंगावर घ्यावे, हा क्रम ध्यानात ठेवावा; तो पुन्हा येणार आहे.

पण या जुन्या कायद्यांत बांधला गेला तो कारखानदार, किंवा आपल्या शेगडीत कोळसा जाळणारा गृहस्थ. सरकार शिक्षकाच्या खुर्चीत बसलेले होते. २००८ साली त्यालाच विद्यार्थ्यांच्या बाकावर बसविण्यात आले.

हे का घडले? मजूर पक्षाने १९९७ च्या जाहीरनाम्यात वचन दिले होते की, २०१० पर्यंत कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण १९९० च्या मानाने २० टक्क्यांनी खाली आणू. पक्ष निवडून आला, पुन्हा निवडून आला, तिसऱ्यांदाही आला. आणि २००६ च्या वसंतात त्याच सरकारला कबूल करावे लागले की, हे काही साधत नाही. फार तर १५ ते १८ टक्के. कोणी राजीनामा दिला नाही, कोणाला जाबही द्यावा लागला नाही. वचन मोडले तरी कोणाचेच काही बिघडत नाही, असे ज्या दिवशी लोकांना दिसते, त्या दिवशी कायद्याची मागणी जन्म घेते.

ती मागणी ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेने आधीच उचलली होती. एप्रिल २००५ मध्ये मजूर पक्षाचे मायकेल मीचर, हुजूर पक्षाचे जॉन गमर आणि लिबरल डेमोक्रॅट नॉर्मन बेकर या तिघांनी मिळून एक विधेयक मांडले. निवडणूक लागल्याने ते वाहून गेले. पण नव्या सभेतील ६४६ सभासदांपैकी ४१२ जणांनी त्याच आशयाच्या ठरावावर सह्या केल्या. २००६ साली विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरन यांनीही पाठिंबा दिला. मग सत्ताधाऱ्यांना मागे राहणे परवडेना! त्या नोव्हेंबरात राणीच्या भाषणात विधेयकाचा उल्लेख झाला. संस्थेच्या वतीने झगडणाऱ्या ब्रायनी वर्दिंग्टन यांनाच सरकारी खात्यात घेऊन मसुद्याच्या कामाला लावण्यात आले. नाबारोंच्या वेळचाच हा क्रम.

खरा वाद पडला तो हिशेबाच्या मुदतीवर. चळवळीचे म्हणणे, दरवर्षी ३ टक्के घट दाखवा. सरकारचे म्हणणे, एखादा हिवाळा कडक गेला की सारे गणित कोसळेल. शेवटी पाच पाच वर्षांची ‘कार्बन अंदाजपत्रके’ ठरली. पहिले २००८ ते २०१२ चे, ३०१.८ कोटी टनांचे. सहावे २०३३ ते २०३७ चे, अवघ्या ९६.५ कोटी टनांचे. यातील मेख अशी की, अंदाजपत्रक सुमारे बारा वर्षे अगोदर मंजूर करावयाचे. म्हणजे आकडा ठरविणारा मंत्री आणि तो पुरा करणारा मंत्री बहुधा एकच नसणार. म्हणूनच एक स्वतंत्र समिती नेमली, तिने दरवर्षी पार्लमेंटला अहवाल द्यावा आणि सरकारने त्याला लेखी उत्तर द्यावे, असे ठरले. ॲडेअर टर्नर हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे ते पद गमर यांच्याकडे आले. पहिल्या विधेयकावर सही करणाराच हिशेबनीस झाला.

मूळ विधेयकात ६० टक्क्यांचा आकडा होता. समितीच्या सल्ल्यावरून ऑक्टोबर २००८ मध्ये मंत्री एड मिलिबँड यांनी तो ८० केला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला कॉमन्स सभेत तिसरे वाचन झाले. बाहेर लंडनमध्ये अवेळी बर्फ पडत होते आणि आत पृथ्वी तापते म्हणून कायदा होत होता. विरोधकांनी त्यावर चिमटा काढला नसता तरच नवल. बाजूने ४६३, विरुद्ध ३. २०१९ च्या जून महिन्यात थेरेसा मे यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या आठवड्यांत ८० च्या जागी १०० हा आकडा बसला. सुमारे दीड तासाच्या चर्चेनंतर, मतविभागणीही न होता. इतका मोठा निर्णय इतक्या स्वस्तात व्हावा, हे मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते.

आता कोणीही विचारील की, कर्तव्य चुकले तर शिक्षा काय? कायद्यात शिक्षा नाही. दंड नाही, कैद नाही. म्हणूनच पुष्कळ कायदेपंडितांनी हा कायदा म्हणजे केवळ घोषणा ठरविली होती. त्याचे उत्तर १८ जुलै २०२२ रोजी मिळाले. सरकारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या योजनेविरुद्ध तीन संस्था उच्च न्यायालयात गेल्या होत्या. सुनावणीत असे निघाले की, ज्या उपायांची मोजदाद झाली होती, त्यांच्या बेरजेने सहाव्या अंदाजपत्रकाला लागणारी सुमारे ९५ टक्केच घट साधत होती. उरलेल्या ५ टक्क्यांची वाट न मोजलेल्या उपायांवर सोपविली होती. आणि ही तूट योजना मंजूर करणाऱ्या मंत्र्याला धड सांगितलेली नव्हती, पार्लमेंटलाही नाही. न्यायमूर्ती होलगेट यांनी योजना बेकायदेशीर ठरविली. न्यायालयाने सरकारला अमुक कोळसा बंद कर असे सांगितले नाही. इतकेच सांगितले की, तुझी वही उघडी ठेव. १८६३ साली ज्या आकड्यावर कारखानदार सुटत होता, तोच आकडा २०२२ साली सरकारला पुरला नाही, हा योगायोग गमतीचा खरा. मार्च २०२३ मध्ये दुसरी योजना आली. तीही ३ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती शेल्डन यांनी बेकायदेशीर ठरविली. सर्व उपाय पूर्णांशाने तडीस जातील असे मंत्र्याने धरून चालावे, पण कोणत्या उपायात किती जोखीम आहे हे त्याच्यापुढे नीट ठेवलेलेच नसावे, हे न्यायालयाला पटले नाही.

गुण गाताना हात आखडता घेतलेला बरा. ब्रिटनचे उत्सर्जन १९९० च्या निम्म्याहून खाली आले आहे. १८८२ साली लंडनच्या होबर्न पुलापाशी सुरू झालेले कोळशाच्या विजेचे पर्व ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचे केंद्र बंद होऊन संपले. परंतु यातील काही घट १९९० नंतरच्या दशकात वायूने कोळशाची जागा घेतली म्हणून झाली. ती कायद्याच्या आधीची. आणि जो माल दुसऱ्या देशांत तयार होऊन तेथे येतो, त्याचा धूर त्या दुसऱ्या देशांच्या खात्यावर पडतो. ज्या देशाने कोळशाचे युग आरंभिले, त्याच्या वहीत ही रकान्यांची सोय आहे, हे आपण विसरू नये.

आणखी एक गाठ आहे. पार्लमेंट पुढच्या पार्लमेंटला बांधू शकत नाही, हा सिद्धांत डायसींनी १८८५ च्या ग्रंथात मांडला आणि इंग्रज तो मानत आले. त्याची प्रचीती स्कॉटलंडने दिली. तेथे २००९ साली एकमताने कायदा झाला, लंडनने नाकारलेली वार्षिक लक्ष्ये तेथे स्वीकारली गेली. ती वरचेवर हुकू लागली, आणि २०२४ साली त्याच सभेने २०३० चे ७५ टक्क्यांचे लक्ष्य वार्षिक लक्ष्यांसह कायद्यातून काढून टाकले. वेसण घालणाऱ्याच्याच हातात ती काढण्याचीही मुभा असते.

लंडनमध्येही ती वेळ येऊ घातली. २ ऑक्टोबर २०२५ रोजी हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्ता मिळाल्यास हा कायदाच रद्द करू असे जाहीर केले. त्यांच्याच पक्षाच्या थेरेसा मे यांनी त्याचा निषेध केला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मजूर सरकारने, न्यायालयाने दिलेली मुदत संपता संपता, आपली तिसरी वही पार्लमेंटपुढे ठेवली.