चेटकिणीची सुरी किती जुनी?

१/ आधुनिक ‘विक्का’ पंथाच्या वेदीवर काळ्या मुठीची सुरी असते : अथामे. परंपरेने तिने काही कापत नाहीत. विधीचे वर्तुळ आखतात. सोबत छडी, पेला आणि पंचकोनी ताऱ्याची तबकडी.

२/ हा पंथ ख्रिस्तपूर्व असल्याचे जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ या ग्रंथात मांडले. ब्रिटनमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्येच रद्द झाला होता.

३/ परंतु काळ्या मुठीची सुरी ‘की ऑफ सॉलोमन’ या मंत्रग्रंथात आढळते. मॅथर्स यांचे इंग्रजी भाषांतर १८८९ चे. छडी, पेला, तबकडी १८८८ च्या ‘गोल्डन डॉन’ मंडळातही होती.

४/ चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रिया बहुतांशी सामान्य गावकरी होत्या. ही वेदी त्यांची नव्हे. ती ग्रंथांतून घडली.