मोडी, बाळबोध आणि हिशेब

शाळेत काय शिकवावे, या विषयावर आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञांइतक्याच हिरिरीने आजोबा आणि मामाही बोलतात. दिवाळीला चार पाहुणे जमले, चकल्यांचे ताट फिरले, की ही चर्चा निघायचीच. मला अशा वेळी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला सादर केलेले १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन आठवते.

जोतीराव नुसते सल्ला देणारे गृहस्थ नव्हते. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती आणि सावित्रीबाई तेथे शिकवीत. त्यांनी सुचवलेला प्राथमिक अभ्यासक्रम पाहा : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे थोडे धडे. शेती शिकवायला लहानसे नमुना-शेत असावे आणि निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असेही त्यांचे म्हणणे होते.

यादी साधी दिसते. पण मला तिच्यातला 'मोडी' हा शब्द मोलाचा वाटतो. छापील पुस्तके बहुधा बाळबोधात, तर व्यवहाराचे कागद मोडीत. नुसती बाळबोध शिकलेला मुलगा पोथी वाचील. पण बापाने निशाणी केलेले कर्जखत त्याला कसे उमगावे? सातच वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली होती. जो कागद वाचता येत नाही, त्याचा माणूस शेवटी असाच बंदोबस्त करतो.

सक्तीला मात्र फार वेळ लागला. गोखल्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणहक्क देशात अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

आता मुले शाळेत येतात. प्रश्न उरला आहे तो यादीचा. मोडी व्यवहारातून गेली, पण न कळणारे कागद कोठे गेले? मोबाइलवर 'मान्य आहे' म्हणून बोट टेकवणे ही आजची निशाणीच. मी सातवीच्या वर्गात कर्जाचा छापील करार वाचायला देतो. व्याजाचे सूत्र सर्वांना पाठ असते. वर्षाला बारा टक्के महाग की महिन्याला दोन, असे विचारले की वर्ग बुचकळ्यात पडतो. मग फळ्यावर गुणाकार होतो, चोवीस येतात, आणि एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, हे घरी सांगायला हवं."